दादाची टू-स्ट्रोक

९ नोव्हेंबर
— आणि बाबा वर मलाच विचारतात, अक्कल शारजात ठेवून आलास का! वर्षभर फोनवर दादाला शिव्या, आता समोर बसून मला. "ज्या गाडीनं पोरगा खाल्ला ती इकत घेऊन दारात आणतोस?" आणली. पडवीसमोर उभी आहे, वाळूवर पळवायची चार जाड चाकांची एटीव्ही. परेशदादा गेला तेव्हा रजा मिळाली नाही. मातीला मी नाही, तेराव्याला नाही. तिकडे वाळवंटातल्या असल्याच गाड्या दुरुस्तीला उघडतो. मग ही दुसऱ्या कोणी का उघडायची?

दादा ज्याच्याकडे कामाला होता त्या शेठनं भंगाराच्या भावात दिली. किहीमच्या शेडमधून ओढून काढताना म्हणाला, "तुझा भाऊ रेस मारत होता. गाडीला नावं ठेवू नको." बाबाही तेच म्हणतात. माज होता त्याला.

१० नोव्हेंबर
बाबा बोलत नाहीत. बरं आहे.

१२ नोव्हेंबर
जुनी आहे पण काय चीज आहे. दोन सिलेंडर, टू-स्ट्रोक. किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवतात त्या बाकीच्या गाड्या फोर-स्ट्रोक, गरीब गाईसारख्या. ही अंगठ्यानं एक्सलेटर दाबला की पुढची चाकं उचलते. सेल्फ नाही, रिव्हर्स नाही. शेठ दादाशिवाय कोणाला हात लावू देत नसे. तिच्या पेट्रोलात तेल मिसळावं लागतं. ते दादा स्वतः मापून घालायचा, मला फोनवर विचारून विचारून शिकला होता.

एक्सलेटरचं रबर एका जागी झिजलंय. माझा अंगठा बरोबर त्या खळग्यात बसतो. लगेच काढला.

१३ नोव्हेंबर
नूतनवहिनी नळावर जाताना वळसा घालून जाते. गाडीकडे बघत नाही.

१५ नोव्हेंबर
आज वहिनी चहा घेऊन आली आणि गेलीच नाही. "भाऊजी, एवढंच सांगा. त्यांची चूक होती का?" बाजारात बायका तोंडावर म्हणतात, नवरा मस्तीत गेला. प्राप्ती तिसरीत आहे, तिलाही शाळेत कोणी तरी बोललं. वहिनी म्हणाली, "चूक असली तरी सांगा. मी पोरीला काय सांगायचं ते ठरवीन."
म्हटलं, उघडतो मग सांगतो.

१६ नोव्हेंबर
उघडलं. दोन्ही पिस्टन चारी बाजूंनी खरवडलेले, ॲल्युमिनियम सिलेंडरला चिकटलेलं. इंजिन जाम झालं, मागची चाकं जागेवर अडकली, दादा पुढे फेकला गेला. खडकावर.
एकच पिस्टन खरवडलेला असता तर म्हटलं असतं, कार्बोरेटरमध्ये कचरा. दोन्ही सारखेच. खाली क्रँकला बोट फिरवलं — कोरडं. टू-स्ट्रोक आतून तेलकट असते, पुसली तरी बोटाला लागते.
टाकीच्या तळाशी थोडं पेट्रोल राहिलं होतं. पेपरच्या तुकड्यावर थेंब टाकला आणि उन्हात धरला. तेल मिसळलेलं असलं तर तेलकट डाग राहतो.
थेंब वाळला. जुन्या पेट्रोलची पिवळी कड तेवढी राहिली. डाग नाही.
दादा तेल विसरेल? दादा?

१७ नोव्हेंबर
शेठच्या वाडीचा राखणदार बाळाजीकाका. नारळ सोलत बसले होते. त्या दिवसाचं विचारलं.
"अरे रविवार होता, ही गर्दी! परेशला पाणी प्यायला फुरसत न्हाय. तुझा बापूस डबा घेऊन आलेला. पेट्रोल संपलं म्हणून स्कूटरवर जाऊन कॅन भरून आणला, टाकीत पण त्यानंच ओतलं. परेश म्हणाला, बाबा, मिसळलंय ना? म्हाताऱ्यानं हात केला. म्हणाला, व्हय व्हय, सगळं बरोबर हाय, जा तू."
काका हसले. "तुझा बापूस रामचंद्र लय कामाचा माणूस. कधी रिकाम्या हातानं बसला न्हाय."
मी नारळ घेऊन आलो. कशाला घेतला कोण जाणे.

१८ नोव्हेंबर
बाबांना बाकीच्या गाड्यांचंच ठाऊक. पंपावरून आणायचं, ओतायचं. कशाला काय मिसळतात ते त्यांना कोणी सांगितलं?
वहिनीला खरं सांगितलं तर दादा सुटतो. बाबा जिवंत राहतील का?

२८ नोव्हेंबर
अलिबागच्या लेथवाल्यानं सिलेंडर बोअर करून दिले. नवे पिस्टन, रिंगा बसवल्या. बाबा बाजाराला गेलेले बघून किक मारली. पाचव्या-सहाव्या किकला लागली. निळा धूर, तो तडतड आवाज, तो वास.
वहिनी आतून धावत आली. हात पिठाचे. चेहरा असा, की मी असा चेहरा जन्मात बघितला नव्हता. तिनं मला बघितलं आणि तो चेहरा गेला.
गाडी बंद केली. या घरात परत चालू करणार नाही. विकून टाकायची.

१ डिसेंबर
सांगितलं. इंजिनचा जुना पार्ट आतून तुटला होता, दादाची चूक नाही, कोणाचीच नाही. वहिनी भिंतीला टेकून रडली. बाबा दारात उभे होते, सगळं ऐकलं. वाडीत गेले. जेवायला आले नाहीत.
मला वाटलं, सुटलो.

९ जानेवारी, शारजा
कामावर रुजू. इथे दिवसभर शेडमध्ये तोच तडतडाट. एखादी गाडी फुल रेसवर असली की हातातला पाना थांबतो. आता जाम होईल. आता. होत नाही.
उस्ताद म्हणतो, तुझं लक्ष कुठेय?
वहिनी सांगते, बाबा हल्ली 'माज' म्हणत नाहीत. काहीच म्हणत नाहीत.

१९ जानेवारी
वहिनीचा फोन. गाडी बघायला हरिहरेश्वरहून गिऱ्हाईक आलं होतं. चालवून बघायची म्हणून तो पेट्रोल आणायला निघाला. बाबा आतून तेलाची बाटली घेऊन आले, त्याच्या हातात दिली. म्हणाले, "हे आधी मिसळ. नुसतं ओतू नको. मला ठाऊक नव्हतं, म्हणून तुला सांगतो."
वहिनी तिथेच उभी होती.
"भाऊजी, त्या दिवशी पेट्रोल बाबांनीच आणलं होतं ना?"
मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मागे प्राप्ती कविता पाठ करत होती, ती ऐकू येत होती.
मी त्यांना सांगितलं नव्हतं. बाबांना आधीपासून ठाऊक होतं. मग वर्षभर माज, माज करून कोणाला गप्प करत होते?
शेवटी वहिनी म्हणाली, "ते जेवत न्हाईत. मी ताट वाढते आणि उचलते." आणि फोन ठेवला.

२० जानेवारी
महिन्याचे बावीस हजार पाठवतोय. आजवर बाबांच्या नावावर जायचे. आज वहिनीच्या.