गाडी उंचच होणार

बुधवार, दिवेलागण. लातूर

आज गॅरेजात भांडले, आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही.

मंगल कार्यालयाकडून जुनी घेतलेली, पाहुण्यांना फिरवायची आमची उघडी बॅटरीची गाडी मुरुडजवळच्या शेताच्या वाटेवर पोटाने घासते. म्हणून ती चार इंच उचलायची आणि जाड नक्षीचे टायर टाकायचे, हे माझं ठरलेलं. गॅरेजवाला मात्र सगळं प्रसादलाच विचारत होता. माझा हा लेक क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. म्हणाला, "आई, उंच केली तर तू चढणार कशी? शेताचं मी बघत जाईन."

चढणार कशी! भूकंपात भिंतीखाली सापडल्यापासून माझा डावा गुडघा वाकत नाही, आणि तेव्हापासून जो तो हेच विचारतो. आणि हा शेतात जाणार कधी? रविवारीसुद्धा याच्या बॅचेस असतात.

मी गॅरेजवाल्याला म्हटलं, "भाऊ, गाडी मी चालवते. मला विचारा."

"ताई, उंचीचा तुम्हाला लई त्रास हुईल. साधेच टायर घ्या."

"जॅक लावून चार इंच उचला. आत्ताच बघू."

त्याने उचलून खाली ठोकळे दिले. पहिल्यांदा चढताना मी घसरले. प्रसाद धावला, त्याला हातानेच थांबवलं. मग दांडा धरून आधी बूड टेकवलं आणि दोन्ही हातांनी डावा पाय उचलून आत ठेवला. ही लबाडी झाली का? नाही. चढले म्हणजे चढले.

स्टीअरिंग धरून म्हटलं, "टायर दाखवल्याशिवाय मी उतरत नाही."

जाड टायर गडगडवत बाहेर घेऊन आला तो प्रसादच.