वरची कोरी जागा

प्रिय रोहिणी,

तुझा फोन आला तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं, म्हणून नीट बोलले नाही. खरं तर तसंही बोलता आलं नसतं. लिहिलेलं बरं.

पुण्यातल्या तुझ्या प्रदर्शनाची बातमी पेपरात वाचली. फोटोत तुझ्यामागे खराडीचे काचेचे टॉवर होते. यांनी छापलेले. खाली नाव तुझं. वाटलं, पेपरवाल्यांची चूक असेल. मग तुझी मुलाखत वाचली. इमारतींच्या वरची कोरी जागा म्हणजे महानगरातलं एकटेपण, असं तू सांगितलंस.

रोहिणी, ती जागा पत्रिकेच्या माथ्यावरच्या ‘श्री’ची आहे. हे म्हणजे बीडमध्ये वीस वर्षं लग्नपत्रिका छापलेला माणूस. वर चार बोटं सोडल्याशिवाय यांचा हातच चालायचा नाही. मीच विचारलं होतं, काहून सोडली एवढी जागा, टॉवरचं लगीन हाय का? तर लाजले. म्हणाले, राहू दे, लोक आभाळ समजतील.

शाई आणायला पुण्याला गेले की रस्त्याच्या कडेला उभं राहून मोबाईलवर इमारती टिपायचे. लग्नसराई सरली की कामाला बसायचे. प्रत्येक रंगाचा ठसा उमटवलेली जाळीची फ्रेम वेगळी, एका चित्राला पाच-पाच. काचांचा निळा वाळेपर्यंत मलासुद्धा आत येऊ द्यायचे नाहीत. सही मात्र कधी केली नाही. मी म्हणायचे, करा. ते म्हणायचे, करू की.

हे गेले तेव्हा तू तेराव्यापर्यंत राहिलीस. माझी वेणी घालून दिलीस. चित्रं बघून रडलीस आणि म्हणालीस, उज्ज्वला, यांचं नाव मी पुण्यात करते. शाळेपासूनची तू. मी स्वतः गठ्ठा बांधून दिला.

आणि परवा फोनवर तू फ्रेमाही मागितल्यास. चित्रांना मागणी आहे, आणखी छापायची आहेत, सोमवारी माणूस पाठवते म्हणालीस. पाठवू नकोस. फोन ठेवला आणि मोरीत ब्लीचिंग पावडर घेऊन बसले. सगळ्या धुतल्या. जाळीवर आता काही नाही. कालपासून त्यांच्यावर परळीच्या एका लग्नाचं काम लावलंय. तुझ्याकडे आहेत तेवढीच चित्रं आता उरली. त्यांवर राधाकिशन हे नाव लिहायचं की नाही, ते तू बघ. माझ्याकडे एकही नाही.

एके काळची तुझीच,
उज्ज्वला