पिंजऱ्याची कडी

बाबा, आईला पक्षी पाळायचा आहे. रविवारी सकाळी मी तिच्या पोह्यांवर तर्री वाढत होते, तेव्हा तिनं एकदम विषय काढला. "मले एक पाखरू आणून दे वं. तू दिवसभर ऑफिसात राहते, मी भिंतींशी किती बोलू?" मी म्हटलं, बघू. त्यावर ती म्हणाली, "बघू नको, आणच. आता काही भेव नाही. कडी उघडी ठेवणारा माणूस गेला घरातून." आणि हसली. तुमची आठवण आली की ती अशीच हसते, टोमणा मारून. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, पण तुमच्यावरचा तो आळ तिनं अजून उतरवलेला नाही. माझ्या हातातली वाटी तिरपी झाली आणि तर्री ओट्यावर सांडली. ती पुसता पुसता मी ठरवलं, की हे तुम्हाला लिहायचं.

सोमवारी ऑफिस सुटल्यावर पाळीव प्राण्यांच्या दुकानात गेले. मला वाटलं होतं हिरवा पोपट दिसेल, आपल्या मिठूसारखा. दुकानदार म्हणाला, "तोता नहीं मिलेगा मॅडम, कानूनन मना है. ये बाहर वाला लो, कॉकाटील. सीटी मारना सीख जाता है." राखाडी अंगाचा, गालावर नारिंगी ठिपका असलेला पक्षी दांडीवर सरकत सरकत माझ्याजवळ आला आणि मान वाकडी करून बघत राहिला. मला तो आवडला, खोटं का बोलू. मग दुकानदारानं गल्ल्याखालून कात्री काढली. "पर काट के दूँ क्या? उड़ने का टेंशन ही नहीं." हे तो इतक्या सहज बोलला, जसं शिंपी विचारतो, बाही आखूड करू का. उद्या येते म्हणून सांगितलं आणि सरळ स्टँडवर जाऊन बसची वाट बघत उभी राहिले.

सीटी म्हटल्यावर मला कोराडीच्या क्वार्टरमधलं स्वयंपाकघर आठवलं. मिठूचा पिंजरा मागच्या अंगणात, स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून टांगलेला. कुकरच्या शिट्ट्या ऐकून ऐकून तो हुबेहूब शिट्टी मारायला शिकला होता. आई भाजी चिरता चिरता शिट्ट्या मोजायची, तिसरी झाली की कुकर उतरवायची, आणि त्यातली एक मिठूची असायची. तुम्ही ती कच्ची डाळ कडकड चावत खायचे आणि म्हणायचे, "आज डाळीले चव आहे." आई पदर तोंडाला लावून हसायची. नरखेडकडच्या एका संत्र्याच्या बागेत घरट्यातून पडलेलं ते पिल्लू तुम्ही एसटीतून, शर्टाच्या आत धरून आणलं होतं. तुमच्या छातीवर त्यानं केलेले ओरखडे मला आठवतात. तो होता तोवर आपल्या घरात कोणी फार वेळ गप्प बसत नसे.

तो दिवस आता सांगते. उन्हाळ्याच्या सुट्ट्या, मी दहा वर्षांची. आदल्या संध्याकाळी तुम्ही माझी वही बघून रागावला होता. "एवढं बारीक अक्षर काहून काढतं वं? वाचणाऱ्याच्या डोळ्याचा तरी विचार कर." एवढंच, पण तुम्ही कधी रागवत नसायचे म्हणून मला फार लागलं. पण मिठूला सोडलं ते त्या रागानं नाही. रोज संध्याकाळी अंगणातल्या कडुलिंबावर पोपटांचा थवा यायचा आणि मिठू पिंजऱ्यातून त्यांना हाका मारायचा. मला वाटायचं, त्याला जायचं आहे. त्या दुपारी तुम्ही पहिल्या पाळीला गेलेले, आई आत झोपलेली. मी स्टुलावर चढले आणि कडी काढली. मिठू दारात येऊन बसला, माझ्याकडे बघितलं आणि उडाला. उडाला कसला, खाली पडला. तुम्ही सुट्टीच्या दिवशी कात्री घेऊन त्याच्याजवळ बसता ते मी बघत होते, पण मला वाटायचं तुम्ही त्याची नखं काढता. तो भिंतीच्या कडेनं फडफडत पळाला आणि मोरीपाशी मांजरीनं त्याला धरलं. मी ओरडलेसुद्धा नाही. घरात जाऊन आईच्या बाजूला डोळे मिटून पडले.

तुम्ही ड्यूटीवरून आलात तेव्हा आई मोरीजवळची हिरवी पिसं हातात घेऊन बसली होती. रडून तिचा आवाज बसला होता. "सकाळी पिंजरा धुतल्यावर कडी लावली होती का तुम्ही?" तुम्ही आधी पिंजऱ्यापाशी गेलात. कोराडीच्या वीजकेंद्राची राख तुम्हाला सांगायला नको. पहाटे पुसलेल्या वस्तूवर दुपारपर्यंत बोटानं रेघ ओढता येईल एवढी बसायची. पिंजऱ्याच्या पत्र्यावर आणि कडीवर बसलेल्या त्या राखेत माझी चार बोटं स्पष्ट उमटली होती. मी दाराआडून बघत होते. तुम्ही बघितलं, खांद्यावरचा दुपट्टा काढला, पत्रा पुसला, कडी पुसली आणि म्हणालात, "हो, माझ्याच हातून राहिली."

बाबा, तुम्ही मला वाचवलं असं तेव्हा वाटलं. नंतर नंतर तुमचा राग यायला लागला. कारण आई ते विसरली नाही. घरातून निघताना दरवेळी ती विचारायची, "कडी लावली का?" आणि तुम्ही परत जाऊन कुलूप ओढून बघायचे आणि म्हणायचे, लावली. तुमच्या निवृत्तीच्या कार्यक्रमात तिला दोन शब्द बोलायला लावले, तेव्हा ती माईकवर म्हणाली, "यायनं एवढं मोठं बॉयलर सांभाळलं, पण पोपटाच्या पिंजऱ्याची कडी काही यायले लावता आली नाही." सगळा हॉल हसला. ज्या माणसानं जन्मभर एक व्हॉल्व्ह तपासायचा सोडला नाही, तो खुर्चीत बसून सगळ्यांबरोबर हसत होता. तुम्ही एकदा माझ्याकडे बघितलं असतं तर मी तिथेच उठून बोलले असते. तुम्ही बघितलं नाही, आणि मी पेढा खाल्ला.

तर माझं ठरलं आहे. पक्षी आणायचा. आईला बोलायला कोणीतरी पाहिजे आणि ते माझ्या रविवारांनी भागत नाही. पण त्याचे पंख कापायचे नाहीत, हे मी मंगळवारी दुकानदाराला बजावून आले. बाल्कनीला जाळी लावणारा शुक्रवारी येतोय. घरात सोडलेला असताना तो पंख्याला धडकू नये म्हणून पंखा बंद ठेवावा लागेल, नागपूरच्या मे महिन्यात तेही करू. आणि तो घरात येण्याआधी आईला खरं सांगायचं. तुमच्या नावावर माझी चूक ठेवून तिच्या हातात नवा पक्षी द्यायचा, हे माझ्यानं होणार नाही. ती चिडेल. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईचा अबोला काय असतो ते मला माहीत आहे. कदाचित म्हणेल, नको मले तुझं पाखरू. म्हणू दे. चूक माझी आणि बोलणी तुम्ही खाल्ली, ती आता मला खाऊ द्या.

बुधवारी तिच्या डोक्याला तेल लावताना सांगणार होते. "आई, ऐक ना," म्हटलं. "काय म्हणून राहिली?" तिनं मान मागे करून विचारलं. मी म्हटलं, वांग्याची भाजी करू की पातोडी. ती म्हणाली, पातोडी. पातोडी चांगली झाली होती.

म्हणून लिहायला बसले. आईला मोतीबिंदूनं हल्ली पेपरातले फक्त मथळे वाचता येतात. बाबा, मी तुमच्या नावानं सुरुवात केली खरी, पण हे तुम्हाला कुठे पाठवणार, आणि तुम्हाला यातलं नवीन काय. एक कबूल करते. पहिल्या ओळीपासून मी अक्षर मोठं काढलं आहे, मथळ्याएवढं.