तवक्कलचे डोळे

लामू, धक्क्यामागची गल्ली

आदरणीय मेहुणेसाहेब शेकूवे यांस,

तुमच्या धाकट्या बहिणीचा नवरा अथमान हलवाई याचा लवून सलाम. अल्लाच्या कृपेने तुम्ही, वहिनी आणि तुमच्या मुंबासाच्या घरातलं ते गार हवेचं यंत्र, तिघेही खुशाल असाल अशी आशा करतो. वहिनींचा गुडघा कसा आहे? नवा सोफा कसा आहे? (सोफ्याची चौकशी मी उगाच करत नाही, पण त्याविषयी पुढे.) इकडे सर्व ठीक. तुमची बहीण म्वानाहावा ठीक आहे आणि कालपासून माझ्याशी बोलूही लागली आहे. दुकान ठीक आहे, फक्त गिऱ्हाईक येत नाही. गाढव ठीक आहे, फक्त मला जवळ येऊ देत नाही. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण तुमच्या वडिलांचे डोळे गेले तरी कान अजून वल्ह्याचा आवाज पलीकडच्या बेटावरून ओळखतात आणि आमच्या घराच्या भिंती पातळ आहेत. म्हणून हे पत्र.

आधी गोड बातमी सांगतो, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे वाचाल. बाबा डोळ्याच्या ऑपरेशनला तयार झाले! हो, आपले बाबा, नाखवा फमाऊ, ज्यांना तुम्ही ईदला येऊन विनवलंत, वहिनींनी रडून विनवलं, मौलवीसाहेबांनी ओट्यावर बसून विनवलं, तेच बाबा. उजवा डोळा तर गेलाच आहे. डाव्या डोळ्याचं तुमच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की दक्षिणेचा वारा सुटायच्या आत मोतीबिंदू काढला नाही तर तोही गेला समजा. आणि बाबांचं उत्तर एकच. "बघायचं काय राहिलंय? धक्क्यावर सगळी प्लास्टिकची होडकी आणि त्यांच्यात बसलेली गाढवं. माझी तवक्कल होती तोवर डोळे होते." त्यांचं गलबत, तवक्कल, मोडून तिच्या फळ्यांची पाहुण्यांच्या हॉटेलात टेबलं झाली, तेव्हापासून त्यांनी धक्क्यावर पाऊल टाकलं नाही, हे तुम्हाला मी काय सांगावं.

आता माझी चूक एवढीच, की मला गप्प बसता येत नाही. एका संध्याकाळी ओट्यावर सगळे आल्याची कॉफी पीत बसले होते, बाबा नेहमीसारखे डॉक्टरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबा, तुमची तवक्कल परत आणून दिली तर जाल का मुंबासाला?" बाबा माझ्याकडे वळले. (माझ्याकडे म्हणजे खांबाकडे, पण मला कळलं.) म्हणाले, "आण. आणलीस तर दुसऱ्या दिवशी बसमध्ये बसतो. हलवाई, तू आण!" सगळा ओटा हसला. मौलवीसाहेबसुद्धा हसले, आणि ते दाढीत हसतात तेव्हा मला फार लागतं. मी तिथल्या तिथे जाहीर केलं की हातभर लांबीची का होईना, तवक्कल मी माझ्या हाताने घडवीन. घरी आल्यावर म्वानाहावाने विचारलं, "तुम्हाला खिळा ठोकता येतो का?" हा प्रश्न तिने ओट्यावर विचारला असता तर पुढचं सगळं टळलं असतं.

मी मातोंदोनीला गेलो. तिथला कोंबो सुतार गलबतं बांधतो. त्याने मला लाकडाचे तुकडे दिले, तिवराच्या वाकड्या काटक्या दिल्या आणि भरपूर नावं ठेवली. गलबताचं पाहा, आधी पठाण घालायचा, म्हणजे तळाचा लांब कणा. मग पुढे नाळ, मागे सुकाणू टांगायचा खांब, मग बरगड्या, मग फळ्या. हे सगळं कोंबो इतक्या सहज सांगतो की माणसाला वाटावं, हलवा त्याहून अवघड. माझी पहिली तवक्कल मी स्वयंपाकघरात सुकत ठेवली होती, तर म्वानाहावाने तिच्यावर बसून नारळ खवला. तिला ती नवी खवणी वाटली. (मला राग आला, पण नारळ छान खवला गेला होता, हेही खरं.) दुसरीची नाळ तर अशी झाली की कोंबो म्हणाला, हिच्यात बसलेला माणूस पुढे जाईल पण होडी मागे येईल. तिसरी मात्र जमली. डोलकाठी पुढे झुकलेली, तिला शीड धरणारी आडवी काठी, परबाण, बांधलेली, फळ्यांच्या फटींत कापूस ठासलेला. शिडासाठी जुनं कापड हवं होतं. मी म्वानाहावाच्या उशीचा अभ्रा कापला, तिने दुसऱ्या दिवशी माझा शुक्रवारचा लांब पांढरा अंगरखा, कांझू, कापून "आता दोन शिडं झाली" म्हणून हातात दिला.

मग आलं व्हार्निश. मेहुणेसाहेब, इथे मला वाटलं, आता हा प्रांत आपला. गरम करायचं, ढवळायचं, तार बघायची, पातळ थर द्यायचा, वाळू द्यायचा, पुन्हा द्यायचा, हे तर मी लहानपणापासून करत आलो आहे. मी बोटांत धरून व्हार्निशची तार पाहिली. (बोटं दोन दिवस चिकटलेली होती. मी गिऱ्हाइकांना सुटे पैसे मनगटाने देत होतो.) एकावर एक थर दिले. तवक्कल अशी चकाकायला लागली की तिच्यात बघून मी दाढी नीट केली. गल्लीतले लोक बघायला आले. मौलवीसाहेब म्हणाले, सुभानल्ला. मी ती परातीत ठेवली, वर माझ्या दुकानातला जाळीचा रुमाल घातला आणि बाबांसमोर नेऊन ठेवली.

बाबांनी हात फिरवायला सुरुवात केली. नाळेवरून अंगठा नेला. डोलकाठी चाचपली, "झुकलीय, बरं आहे." पठाण चाचपला, "कोंबोने सांगितलेलं दिसतंय." माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. आणि मग त्यांनी ती नाकाजवळ नेली. थांबले. पुन्हा हुंगली.

"हे टेबल आहे," बाबा म्हणाले.

"बाबा, तवक्कल आहे ही."

"टेबल आहे! त्या हॉटेलातल्या टेबलांना हाच वास येतो. तवक्कलचं टेबल केलं त्यांनी, आणि तू त्या टेबलाचं पुन्हा गलबत केलंस आणि माझ्यासमोर आणलंस? उचल."

मी उचललं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. थट्टा नाही, खरंच गेलं नाही. म्हातारा तोंड भिंतीकडे करून बसला होता आणि मला पहिल्यांदा वाटलं, हा माणूस खरंच आंधळा होणार, आणि त्याला आपण एका वासामुळे हरवलं.

कोंबोला विचारलं तर तो हसायचा थांबेना. गलबताला कधी कोणी व्हार्निश लावतं का? लाकडाला मुशी माशाच्या काळजाचं तेल लावायचं, जुनं, मुरलेलं. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. सगळ्या लामूला ठाऊक आहे. लहानपणी तेल लावायचे त्या दिवशी आम्ही नाक धरून त्या किनाऱ्याने पळायचो. पण मला वाटलं, घरात ठेवायची वस्तू आहे, घरात मुशीचं तेल कोण आणेल? तर ते मी आणलं. आधी सगळं व्हार्निश काचेच्या तुकड्याने खरवडलं. मग तेलाचा डबा उघडला. आमच्या डावीकडचे शेजारी त्याच दुपारी मालिंदीला मुलीकडे निघून गेले. ते तेल थोडं कोमट केलं की लाकडात चांगलं मुरतं, असं कोंबो म्हणाला होता, आणि कोमट करायला माझ्याकडे एकच मोठी कढई आहे. (होय, तीच. नंतर ती लिंबाने, राखेने आणि तीनदा वाळूने घासली. तरी पुढच्या घाण्याचा हलवा खाऊन एका गिऱ्हाइकाने विचारलं की यात वेलदोडा आहे की मासा.)

आणि मग मांजरं आली. लामूची मांजरं तुम्ही विसरला नसाल. आधी गल्लीतली आली, मग धक्क्यावरची, मग मासळीबाजारातली, ती गुंड, कान फाटलेली. उंबऱ्यावर, ओट्यावर, छपरावर, गाढवाच्या पाठीवर. म्हणूनच गाढव रुसलंय. मी नमाजाला निघालो की मागून मिरवणूक. मौलवीसाहेबांनी मला प्रेमाने सुचवलं की काही दिवस शेवटच्या रांगेत, दाराशी उभा राहा. म्वानाहावा तिच्या मावशीकडे राहायला गेली आणि जाताना सांगून गेली की मी परत यायचं की नाही हे वासावर ठरेल.

पण मेहुणेसाहेब, मी ती तवक्कल घेऊन जिना चढत होतो, अजून खालच्या पायऱ्यांवर होतो, मागून सहा-सात मांजरं चढत होती, आणि वरून बाबांचा आवाज आला. तो आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. धक्क्यावर ओरडायचे तो आवाज.

"कोण लागलं धक्क्याला?"

उरलेल्या पायऱ्या मी धावतच चढलो. मी ती त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी हुंगली नाही, तशी गरजच नव्हती. गाल टेकवला तिच्या कुशीला, आणि ते रडले. मीही रडलो. तेलाने डोळे चुरचुरत होते हे खरं, पण मी त्याशिवायही रडलो असतो. मग त्यांचा अंगठा नाळेवर गेला, दोन्ही बाजूंना डोळे म्हणून ठोकलेल्या रंगीत गोल तबकड्यांवर. आपल्याकडे डोळ्यांशिवाय गलबत पाण्यात जात नाही, ते मी कसा विसरेन? बाबांनी विचारलं, "डोळे लाल ना?" मी म्हटलं, "लालच, बाबा." त्या रात्री तवक्कल उशाशी घेऊन झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा पेला खाली ठेवून म्हणाले, "बस कधी सुटते?" मला हायसं वाटलं, किती वाटलं ते लिहिता येत नाही. मी खाली दुकानात जाऊन उरलेला सगळा हलवा मांजरांना वाटला. (त्यांनी तो खाल्ला नाही.)

तर आता सगळं अल्लाच्या आणि डॉक्टरीणबाईंच्या हाती. वहिनींना सलाम सांगा, मुलांना पापे.

तुमचा नम्र,
अथमान

ता. क. : बाबांसोबत म्वानाहावा येते आहे. आणि तवक्कलही. तिला ते मांडीवरून उतरवत नाहीत, म्हणून दवाखाना होईपर्यंत ती तुमच्याकडेच, बहुधा सोफ्यावर. खिडक्या उघड्या ठेवा. गार हवेचं यंत्र मात्र बंदच ठेवा, त्याने वास घरभर फिरतो असं मला वाटतं. मुंबासाला मांजरं किती आहेत?

ता. ता. क. : खरं काम आता सांगतो, पत्र त्यासाठीच आहे. तवक्कलचे डोळे लाल नाहीत. निळे आहेत. रंगाच्या दुकानात लाल रंग संपला होता आणि माझ्याकडे दाराला लावून उरलेला निळा होता. मला वाटलं, बाबांना कुठे दिसणार आहे? तबकड्या ठोकल्यावर ओट्यावर कोणीतरी म्हणालं, अरे, हे तर त्वालिबच्या गलबताचे डोळे! होय, तोच त्वालिब, ज्याने शर्यतीत तवक्कलला मागे टाकलं आणि ज्याचं नाव बाबांसमोर कोणी घेत नाही. मी बदलणार होतो, पण आता बाबा ती सोडतच नाहीत. तेव्हा हात जोडतो मेहुणेसाहेब, ऑपरेशनच्या खोलीत ते गलबत आत नेऊ देणार नाहीत, तेवढ्यात लाल रंग लावा. पट्टी सुटण्याआधी वाळला पाहिजे. तार बघायची गरज नाही.

*

दादा, सलाम. पाकीट बंद करायला यांनी माझ्याकडे दिलं, म्हणून खाली चार ओळी लिहिते.

डोळे रंगवू नकोस. त्या रात्री मी बाबांना बघायला मावशीकडून आले, तर त्यांनी हाक मारून विचारलं, "खरं सांग, रंग कुठला?" बाबांशी मी कधी खोटं बोलले नाही. सांगितलं, निळा. बाबांनी दोन्ही तबकड्या अंगठ्याने पुन्हा चाचपल्या. मग म्हणाले, "त्या हलवायाने माझ्या तवक्कलला त्वालिबचे डोळे लावले? हे मी माझ्या डोळ्यांनी बघणार." सकाळी बसचं विचारलं ते त्यामुळे. ह्यांना सांगू नकोस, तेलामुळे झालं असं त्यांना वाटतंय, वाटू दे. बिचाऱ्यांनी हात सोलून घेतलेत.

लाल रंग दुकानात आला होता, मी डबा आणून बाबांच्या गाठोड्यात ठेवलाय, बारीक ब्रशसकट. पट्टी सुटली की त्यांच्या हातात दे.