दाराआडची कठोर बाई

प्रिय धाकटीस,

थोरल्या बहिणीचा प्रभू येशूच्या नावात सलाम आणि (तू हाताशी नाहीस म्हणून) हवेतल्या हवेत एक गालगुच्चा. मी बरी आहे. डावा गुडघा कुरकुरतो आणि उजवा त्याच्या सुरात सूर मिळवतो, बाकी तक्रार नाही. तुझं ब्लडप्रेशर काय म्हणतंय? गोळी घेतेस, की अजूनही नुसत्या पाकिटाकडे बघूनच बरं वाटतं? फोन सोडून पत्र कशाला, असं तू विचारशीलच. फोनवर तू मध्येमध्ये बोलतेस. पत्रात तुला तोंड मिटून ऐकावं लागतं. मला लिहिता येत नाही हे सगळ्या भावकीला ठाऊक आहे, पण सांगता येतं, आणि लिहिणारा हात घरात आहे.

तर विषय तुझ्या नातीचा. घरोघर जाऊन प्रभूचं सांगणाऱ्या सुवार्तिकांच्या प्रशिक्षणासाठी तू तिला माझ्या घरी धाडलंस आणि तिची बॅग उंबऱ्यात टेकायच्या आत मला फोन करून कानात सांगितलंस, की ताई, काहीतरी कर, पण पोरगी नापास होऊन परत येऊ दे, दुकानाच्या गल्ल्यावर बसायला माणूस नाही. वर म्हणालीस, जिला आपण घरात मुकी म्हणतो, ती परक्याच्या दारात उभी राहून प्रभूचं काय डोंबल सांगणार? मला ते पटलं. (पटलं असंच लिही, पेन थांबवू नकोस.)

इथे चर्चच्या मागच्या हॉलमध्ये वर्ग भरतो. शिकवणारे मास्तर भले गृहस्थ आहेत, पण सगळं फळ्यावर क्रमाने लिहितात: दारात आधी हसायचं, मग नाव सांगायचं, मग ख्यालीखुशाली, मग प्रभू आपल्याला कसा भेटला ती साक्ष, मग बायबलातलं वचन, मग प्रार्थना, शेवटी पत्रक. क्रम चुकला की गुण कापले. परीक्षेसाठी मंडळीतल्या आम्हा म्हाताऱ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत घरमालकिणी म्हणून बसवलं, आणि शिकणाऱ्या पोरांनी एकेक करून आमचं दार ठोठवायचं. एकीला घाईतली बाई केलं, एकीला रडकी. मला कठोर बाई. काय बोलायचं विचारलं, तर मास्तर म्हणाले, तुम्ही फक्त नेहमीसारख्या वागा. (यात अपमान होता हे मला घरी येऊन चहा पिताना कळलं.)

माझ्या वाट्याला सामानाची खोली आली. एकावर एक रचलेल्या खुर्च्या, गायकमंडळाचे धुवायला काढलेले झगे, आणि दिव्याचं बटण बाहेर. पहिला आला तो टायवाला. त्याने एका दमात आदामापासून माझ्यापर्यंत सगळं सांगितलं. मी म्हटलं, मला वेळ नाही, तर तो म्हणाला, म्हणूनच, आणि पुढे चालू. दुसरा हसरा. त्याला मी चेहरा पाडून सांगितलं, की काल आमचे हे गेले. (हे केव्हाच गेले, पण वरून ऐकून खूश झाले असतील.) पोराचं हसू काही ढळलं नाही. म्हणाला, किती आनंदाची गोष्ट, की आज आपली भेट झाली!

आता मुकीची पाळी. तुला शब्द दिला होता, म्हणून मी ठरवलं की हिला दारच उघडायचं नाही. आतून कडी घातली आणि बघते तर कडी अडकली. हलेचना. मी ओरडले, अहो, मी अडकलेय, सुताराला बोलवा. बाहेर मास्तर हरखले. पोरांना म्हणाले, बघा, आवाजात किती खरी चीड आहे, असं माणूस भेटलं तर काय कराल? त्यांनी टायवाल्याला पुन्हा एक संधी दिली. मी दार बडवतेय आणि तो फटीतून पुन्हा आदामावर. शेवटी दाराखालून पत्रक सरकवलं. हसऱ्याने दोन सरकवली. मला उजेडात वाचता येत नाही, अंधारात काय दिवे लावणार?

मग मुकी आली. हसली नाही, नाव सांगितलं नाही. दाराला कान लावला असावा, कारण आवाज अगदी जवळून आला.

"आजी, खरंच अडकलीस ना? आधी बस. मी पण बसते."

आणि बसली की बाहेर फरशीवर. गुडघा विचारला. मी गुडघा सांगितला, मग ह्यांचं सांगितलं, मग तुझं, तू माझी रिबन चोरायचीस तिथपासून. मास्तर म्हणाले, अगं, साक्ष दे, वचन घे. तिने नुसता हात वर करून त्यांना गप्प केलं म्हणे. (मास्तरांना गप्प करणारी आपल्या घरातली पहिलीच मुकी.) मग तिने मूठ धरून दार जरा उचललं, मला म्हणाली, आता सरकव, आणि कडी सरकली. मास्तरांनी निकाल दिला: हसू नाही, वचन नाही, पत्रक नाही. भोपळा.

तेव्हा तुझ्या मनासारखं झालं. घरच्यांना सलाम, सुनेला जास्त, कारण ती तुला सांभाळते.

तुझी आज्ञाधारक,
ताई

ता. क. एक राहिलंच. मागे पाळकसाहेब उभे होते. त्यांनी मला विचारलं, आत तुम्ही होता, तुम्ही सांगा, हिने काय सांगितलं? मी म्हटलं, "साहेब, तिने काहीच सांगितलं नाही, मीच सांगत होते. पण बाहेर आल्यावर मी हिलाच म्हटलं, बाई, आता माझ्यासाठी प्रार्थना कर." त्यांनी भोपळा खोडला. पुढच्या महिन्यात ती बंदरावरच्या कामगार वस्तीत जाते आहे. तिचा स्वेटर आणि जाड तळव्याचे बूट लगेच पाठव. गल्ल्यावर तू बस, दिवसभर गिऱ्हाइकांच्या मध्ये बोलायला मिळेल.

ता. क. दुसरा. लिहिणारा हात मुकीचाच आहे. म्हणजे तू माझ्या कानात सांगितलेलं तिने स्वतःच्या अक्षरात लिहिलंय. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. माफीबिफी मागत बसू नकोस, बूट पाठव.

ता. क. तिसरा (हा मोठ्या आजीने सांगितलेला नाही). आजी, स्वेटर निळा पाठव. दुसऱ्या दिवशी खुर्च्या ठेवायला मी त्या खोलीत गेले होते. कडी एका बोटाने सरकते. मास्तर म्हणाले, ती कधीच अडकत नाही. मी हे मोठ्या आजीला वाचून दाखवलेलं नाही. तूही बोलू नकोस.