साक्षीसाठी काचेची वीट

तीर्थस्वरूप लीलाआक्का,

धाकट्या उदयसिंहचा वाकून नमस्कार. (गुडघा धरल्यामुळं हल्ली अर्धंच वाकता येतं. उरलेलं मनात धर.) तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं मंगलकडून कळलं. माधवनगरात थंडी असेल, कानाला बांधत जा. आमच्या वडूजला ज्वारी पोटऱ्यात आली आहे. मंगल माझ्यावर रागावलेली असते, म्हणजे तिची प्रकृती उत्तम. पत्रास कारण तसं काही खास नाही.

शेजारच्या बाळासोनं नव्या घराच्या न्हाणीला उजेडासाठी काचेच्या विटा बसवल्या. जाड, आतून पोकळ. तीन उरल्या, त्या मी मागून आणल्या. मंगलनं कशाला म्हणून विचारलं, तर कागदावर ठेवायला म्हणालो. (घरात कागद म्हणजे एक लाइटबिल.) खरं असं की, मंगलच्या मोबाइलवर साक्षीचं स्टेटस दिसलं. अशीच वीट, आत दिवे, वर लाल फीत. खाली लिहिलेलं, 'नाताळला घरात असं काहीतरी पाहिजे.' मी ते चार वेळा बघितलं. (पहिल्या तीन वेळा चष्मा नव्हता.)

तुला माहीतच आहे, दोन वर्षांपूर्वी पोरीनं जोएलशी रजिस्टर लग्न केलं, तेव्हा 'त्या घराचा उंबरा चढणार नाही' असं मी परेडच्या आवाजात बोलून बसलो. तू लग्नाला गेलीस, मी गेलो नाही. तेव्हापासून तिचा फोन आला की मी म्हशीला बघायला गोठ्यात जातो. (म्हैस विकूनही वर्ष झालं.)

तर विटेला भोक पाडायचं होतं. पहिलीला भिंतीचं ड्रिल लावलं, तिचे तुकडे अजून पायाला सापडतात. मग रविराज इलेक्ट्रिशियननं काचेचं वेगळं ड्रिल दिलं आणि पाणी सोडत हळू चालवा म्हणाला. हळू म्हणजे किती, हे विचारायचं राहिलं. दुसरी तडकली तेव्हा मंगल दारात उभी होती.

"आवं, एवढं दाबताय कशाला? काच हाय ती, खंदक न्हवं!"

आणि पदर खोचून शेजारी बसली. ती तांब्यातून बेतानं पाणी सोडत होती, मी ड्रिल धरलं होतं. असा अर्धा तास गेला. भोक पडल्यावर तिनं विचारलं, "साक्षीसाठी हाय व्हय?" मी म्हणालो, "न्हाई." ती म्हणाली, "मग बरं." आणि पलीकडं तोंड करून डोळे पुसत बसली. काचेची धूळ गेली असणार.

दिव्यांची माळ गणपतीतली होती. विणायच्या सुईनं एकेक दिवा आत ढकलला. भर दुपारी खिडक्या लावून बटण दाबलं, तर नाताळची वीट आरती म्हणू लागली! (माळेच्या डबीत तीही सोय आहे, हे आम्ही विसरलो होतो.) मंगल हसून हसून खाली बसली. दोन वर्षांत तिला असं हसताना मी बघितलं नव्हतं. रविराजनं मग डबीचा आवाज तेवढा बंद करून दिला.

फीत मात्र मंगलनं विकत आणू दिली नाही. ट्रंकेतून साक्षीची शाळेतली लाल रिबीन काढली. फौजेतून सुट्टीवर आलो की तिच्या वेण्या मीच घालायचो, वाकड्या. ती तशीच शाळेत जायची, कधी तक्रार केली नाही. विटेवरचं फूलही वाकडंच आलं. मी ते पुन्हा सोडून बांधलं नाही.

असो. वीट तेवढी सांगलीला साक्षीकडं पोचती कर. बाजारातून घेतली म्हणून सांग. माझं नाव काढायचं नाही.

तुझा,
उदयसिंह

ता. क. – पाच महिन्यांच्या नातीपासून वीट लांब ठेवा म्हणावं, जड आहे. नातीचं नाव काय ठेवलं ते मला कुणी सांगितलेलं नाही. (रूथ. चांगलं आहे.)

ता. क. दुसरा – आक्का, हे पत्र टपालानं आलेलं नाही, हे तुझ्या ध्यानात आलंच असेल. मी समोर उभा आहे. तोंडानं सांगायला गेलो असतो तर हवापाण्यावरच बोलत बसलो असतो. मंगल बाहेर रिक्षात वीट मांडीवर घेऊन बसली आहे. वाचून झालं असेल तर चप्पल घाल, सांगलीला जायचं आहे. पुढं तू हो. बेल मी वाजवतो.