माझी कमिशनरकी

१२ ऑगस्ट, सोमवार
काउंटी कमिशनरच्या निवडणुकीला उभी राहिले, त्याला चार महिने झाले. डेमोक्रॅट म्हणून! गावाचा धक्का अजून ओसरलेला नाही. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात मी आणि वर्जिलने दर वेळी रिपब्लिकनांनाच मत दिलं. पण सध्याचे कमिशनर डेल क्रॉफर्ड कॉन्व्हेंटकडचा लाकडी पूल तीन वर्षं बंद ठेवून बसलेत. तिथली आमची शाळा कधीच बंद पडली, पण मला शिकवणाऱ्या सिस्टर बेनेडिक्टांची कबर तिकडेच आहे. त्यांना फुलं वाहायची तर अठरा मैलांचा वळसा. निवडून आल्यावर पहिली सही पुलासाठी.

२० ऑगस्ट
दिवसभर लायब्ररीत. सिस्टर म्हणायच्या, आकड्यांचा आधी मान राखा. १९३० साली काउंटीत ९,२१२ माणसं, आज ३,१०८. सरासरी वय अठ्ठावन्न. राष्ट्राध्यक्षपदासाठी डेमोक्रॅट इथे शेवटचा जिंकला १९६४ साली. म्हणजे बरोबर साठ वर्षांपूर्वी! शिवाय वर्षाला चाळीस माणसं जातात, बहुतेक रिपब्लिकन. काळ माझ्या बाजूने आहे.

२१ ऑगस्ट
नोंदलेले डेमोक्रॅट एकशे चार. यादी घेऊन भेटायला निघाले. त्यातले सात दफनभूमीत भेटले. ही बाब कालच्या अभ्यासात धरली नव्हती.

१४ सप्टेंबर, शनिवार
अक्रोडासारख्या पीकनच्या दाण्यांचे नऊ गोड पाय ओव्हनमध्ये भाजले, नऊ घरी नेले. सगळ्यांनी ताटल्या चाटूनपुसून परत दिल्या. शेजारची डोरीन चर्चमध्ये ऑर्गन वाजवते, मतदानाच्या दिवशी केंद्रातल्या टेबलाशीही तीच बसते. म्हणाली, अगं लुएला, तुझ्यासाठी रोज प्रार्थना करते मी. मत देशील का, असं स्पष्ट विचारलं. तर म्हणाली, प्रार्थना करते म्हटलं ना बाई! होकार धरला. नऊपैकी नऊ.

६ ऑक्टोबर
वर्जिलने माझ्या नावाची पाटी मागच्या कुंपणाला लावली, गोठ्याकडे तोंड करून. म्हणाला, गाई तरी निवांत वाचतील. मत कोणाला देणार विचारलं, तर म्हणतो, मतदान गुप्त असतं, बाईसाहेब. जिच्या हातचं एक्केचाळीस वर्षं खाल्लं, तिच्यापासून गुप्त! निवडणूक होईपर्यंत त्याला पीकन पाय नाही. निश्चय पक्का.

९ ऑक्टोबर
अर्धा पाय दिला. उरला होता.

५ नोव्हेंबर, मंगळवार
सकाळी सातला चर्चच्या हॉलमध्ये. तेच टेबल, तीच डोरीन, तीच कॉफी. सवय असली की मतपत्रिका कशी भराभर भरून होते. सिस्टरांचं स्मरण केलं आणि एका मिनिटात बाहेर. वर्जिलला मात्र आत पाव तास लागला. नक्कीच मनाची टोचणी. दुपारी विजयाचं भाषण लिहिलं. पुलाचा उल्लेख चार वेळा.

६ नोव्हेंबर, बुधवार
काउंटीभर हरले. आमच्या केंद्राचा निकाल हॉलच्या दाराला चिकटवला होता. क्रॉफर्ड १४०, मी १.
घरी येऊन वर्जिलला फैलावर घेतलं. म्हटलं, माझं एकटीचं मत! नवरा असून तू सुद्धा? तो बूट चढवत होता. म्हणाला, ते एक माझं आहे. चष्मा घरी विसरलो होतो, वरचा गोल सोडून खाली तुझं नाव शोधता शोधता घाम फुटला. डोरीनने दोनदा हाक मारली, झोपलास का रे म्हणून.
वरचा गोल. मतपत्रिकेच्या माथ्यावरचा तो पक्षाचा गोल काळा केला की रिपब्लिकनांच्या सगळ्या उमेदवारांना एकदम मत पडतं, खाली बघावंच लागत नाही. एक्केचाळीस वर्षं माझा हात तिथेच जातो आणि तिथेच थांबतो.
काल कुठे थांबला, ते आठवलं. खुर्चीवर बसले.
दुपारी पीकन पाय भाजला, अख्खा त्याच्यापुढे ठेवला. दुसरा तुकडा संपवल्यावर त्याने विचारलं, मग तुझं मत कुठे गेलं गं?
म्हटलं, मतदान गुप्त असतं.